‘आमच्याकडे जागा नाही’ याचा अर्थ काय?

पत्र : मी डिचोलीची. बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सीजीपीए ७.८. मला संशोधनात जायचं आहे, म्हणून जुलैमध्ये विद्यापीठातल्या आणि एका संस्थेतल्या मिळून पंधरा प्राध्यापकांना, शास्त्रज्ञांना ईमेल केले. दोघांचं उत्तर आलं, ‘सध्या जागा नाही.’ बाकीच्यांचं काहीच नाही. कॉलेजातले सर म्हणतात, एम.एस्सी.ला गेल्यावर बघ. बाबा विचारतात, पैसे मिळणार नसतील तर बसभाडं घालून जायचं कशाला? पदवीच्या मुलांना खरोखर कोणी लॅबमध्ये घेतं का? की हे फक्त बिट्स आणि आयसरसारख्या मोठ्या संस्थांच्या मुलांसाठी असतं?

उत्तर : घेतात. गोव्यात तर अंतरं लहान आणि संस्था जवळजवळ, त्यामुळे डिचोलीहून सकाळी निघालेल्या मुलीला संध्याकाळी घरी पोचता येईल एवढ्या परिघात बरंच काही आहे. पण पंधरा जणांना एकच मेल गेला असेल, तर तेरा जणांनी उत्तर न देणं हे अगदी अपेक्षितच.

‘जागा नाही’ याचा अर्थ टेबल रिकामं नाही, असा क्वचितच असतो. नवीन पदवी विद्यार्थिनी आली की तिला प्राध्यापक स्वतः शिकवत नाहीत. शिकवतो तो पीएच.डी. करणारा रिसर्च स्कॉलर. पिपेट कसं धरायचं, ऑटोक्लेव्हचं (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या भांड्याचं) झाकण कधी उघडायचं, कुठली बाटली कुणाची, हे सगळं दाखवण्यात त्याचे पहिल्या महिन्यातले बरेच तास जातात. त्याचा प्रबंध तेवढा मागे पडतो. आणि बहुतेक मुलं काम हाताला बसेपर्यंत सेमिस्टरच्या परीक्षा आल्या म्हणून गायब होतात. प्राध्यापकांच्या नजरेसमोर हा हिशेब असतो. ‘मला जीवशास्त्राची आवड आहे, मी मेहनती आहे, कृपया संधी द्यावी’ या मेलमध्ये त्या हिशेबाचं उत्तर कुठेच नसतं.

म्हणून मेल लिहायच्या आधी वेळापत्रक काढ. आठवड्यातले कुठले अर्धे दिवस खरोखर मोकळे आहेत ते लिही. डिचोली ते पणजी बस, तिथून ताळगाव पठारावर जायला दुसरी बस, म्हणजे जाण्या-येण्यात दिवसाचे अडीच-तीन तास धरच. रोज एक तास येते, असं सांगणाऱ्या मुलीचा लॅबला उपयोग नाही, कारण मीडिया, म्हणजे सूक्ष्मजीव वाढवायचं पोषक मिश्रण, बनवून ऑटोक्लेव्हला लावून तो निवायलाच दोन-अडीच तास लागतात. शनिवारचा पूर्ण दिवस आणि एका वारी दुपार, एवढं सांगितलंस तर ते खरं वाटेल.

आणि आता यातली मुख्य गोष्ट: त्या वेळापत्रकात बसेल असं काम शोध. ई. कोलाय हा जिवाणू आज प्लेटवर ओढला की उद्या बघावाच लागतो, चार दिवसांनी गेलीस तर प्लेट वाया. आठवड्यातून दोनदा येणाऱ्या मुलीला असं काम देणं म्हणजे तिच्या प्लेटा दुसऱ्याने सांभाळणं. याउलट मिठागरातले मीठप्रेमी सूक्ष्मजीव वाढायला दोन-तीन आठवडे घेतात. त्यांना शनिवार ते शनिवार पाहिलं तरी चालतं. खारफुटीची पानं कुजायला किती काळ लागतो हे बघायचं असेल, तर नायलॉनच्या जाळीदार पिशव्यांत प्रत्येकी २० ग्रॅम पानं भरून चिखलात बांधून ठेवतात आणि दर पंधरवड्याला काही पिशव्या काढून, धुऊन, ६० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवून तोलतात. पंधरा दिवसांतून एक दिवस. भाताच्या खारसहनशीलतेच्या कामात रोपांची लांबी मोजायची असते, तीही रोज नाही. आणि फोटोंवरून मोजमाप करायचं काम असेल, म्हणजे इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरवर पानांचं क्षेत्रफळ किंवा पेशींची संख्या काढायची, तर ते डिचोलीत घरी बसूनही होतं. पदवीची मुलं सगळ्यात जास्त चुकतात ती इथे. त्यांना क्रिस्पर (जनुकं बदलायचं तंत्र) आणि कॅन्सर हवा असतो, आणि हातात असतो फक्त शनिवार.

कुठे विचारायचं? आधी स्वतःच्या कॉलेजात. ‘एम.एस्सी.ला गेल्यावर बघ’ म्हणणाऱ्या सरांना सोड; ज्यांची स्वतःची पीएच.डी. चालू आहे किंवा ज्यांच्याकडे एखादा प्रकल्प आहे अशा शिक्षकांना गाठ. त्यांना मदतीचे हात खरोखर हवे असतात. काही कॉलेजांना केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या स्टार कॉलेज योजनेतून प्रॅक्टिकल आणि छोट्या प्रकल्पांसाठी निधी मिळतो. तुझ्या कॉलेजात तो असेल तर त्यातून मुलांचे प्रकल्प कोण करून घेतं ते विचार. बाहेर जाताना शिफारसपत्र लागेल तेही इथूनच.

मग गोवा विद्यापीठ. मायक्रोबायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र हे विभाग ताळगाव पठारावर एकाच परिसरात आहेत. दोना पावलाला एनआयओ, म्हणजे १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. तिथे सागरी सूक्ष्मजीव, प्लवंग, प्रवाळ यांवर काम चालतं. जुन्या गोव्याजवळ एला इथे आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) किनारी कृषी संशोधन संस्था आहे. खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खारट शेतातल्या, कोरगुट भातातून निवडलेली ‘गोवा धान’ वाणं तिथलीच, आणि तुला शेतीकडे ओढा असेल तर डिचोलीहून ती विद्यापीठापेक्षा जवळ पडते. वास्कोला ध्रुवीय संशोधनाची संस्था आहे, पण ती तुझ्यासाठी दूर; उन्हाळ्यासाठी राखून ठेव. सरकारी संस्थांत नुसत्या मेलवर प्रवेश मिळत नाही. प्राचार्यांच्या सहीचं पत्र, ओळखपत्र आणि कामाचा ठरलेला कालावधी लागतो. प्रशिक्षणाची फी आहे का, हे जायच्या आधीच विचारून घे.

पंधरा मेल पुन्हा पाठवू नकोस. तीन निवड. प्रत्येकासाठी त्यांचा अलीकडचा एक लेख काढून त्यातला पद्धतीचा भाग वाच, नुसता सारांश नको. पूर्ण लेख मिळाला नाही तर त्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर मोफत मिळतात, आणि पदवीच्या मुलीला लेखापेक्षा प्रबंध जास्त कळतो, कारण त्यात प्रत्येक मीडियाचं प्रमाण आणि प्रत्येक पायरी लिहिलेली असते. मेल इंग्रजीतच लिही. त्यात चार गोष्टी हव्यात. तू कोण, कुठल्या वर्षाला. त्यांच्या कुठल्या कामाबद्दल लिहितेस आणि त्यातला एक नेमका प्रश्न. तुला आज हाताने काय येतं: ‘प्लेट ओतणे, स्ट्रीकिंग, ग्रॅम स्टेनिंग, सीरियल डायल्यूशन केलं आहे, पीसीआर फक्त पाहिला आहे.’ हे शेवटचं वाक्य गाळू नकोस, कारण न येणारं प्रामाणिकपणे लिहिलं की येणाऱ्यावर विश्वास बसतो. आणि चौथं, कुठले दिवस, किती महिने, परीक्षेच्या कुठल्या आठवड्यांत येणार नाही. दहा-बारा ओळींत संपव. गुणपत्रिका एका पीडीएफमध्ये जोड. सुरुवातीला ‘रिस्पेक्टेड सर’ लिहून मॅडमना पाठवण्याचा प्रकार दर वर्षी होतो. नाव नीट बघ.

दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच मेलला जोडून दोन ओळी पाठव. तरीही नाही आलं, तर विभागात प्रत्यक्ष जा, पण प्राध्यापकांच्या दारात उभी राहू नकोस. त्यांच्या रिसर्च स्कॉलरला भेट. कुठल्या कामात मदत लागते हे त्याला पक्कं ठाऊक असतं, आणि ‘सर, ही मुलगी शनिवारी येईल म्हणते, मी शिकवतो’ हे त्याच्या तोंडून गेलं की अर्धं काम झालं. आता ऑगस्ट आहे. गणेश चवथीच्या आसपास कोणी जागेवर सापडणार नाही, तेव्हा मेल चवथ आटपल्यावर सोमवारी-मंगळवारी सकाळी पाठव.

भेट झाली तर तीन प्रश्न विचार: रोजचं शिकवणार कोण, पहिल्या तीन महिन्यांत मी काय करणार, आणि शेवटी माझ्या हातात काय असेल, म्हणजे अहवाल, पोस्टर की नुसतं प्रमाणपत्र. ‘बघू, ये तर खरी’ असं उत्तर मिळालं तर जा, पण महिनाभरात ठरलेलं काम मिळालं नाही तर नम्रपणे बाहेर पड. बाटल्या धुणं हा कामाचा भाग आहे. सहा महिने फक्त बाटल्या धुणं मात्र नाही.

तू मायक्रोबायोलॉजीची, म्हणून मिठागराचं काम मिळालं असं धरून पुढचं सांगते, कारण पुस्तकातलं प्रॅक्टिकल आणि संशोधन यांतला फरक त्यात चांगला दिसतो. गोव्यात मीठ पिकतं ते साधारण फेब्रुवारीपासून मेपर्यंत. पावसाळ्यात रायबंदर, आगरवाडा, हडफडे इथली आगरं (मिठागरं) पाण्याखाली असतात. एप्रिलमध्ये जागी होऊन लॅब शोधलीस तर हंगाम संपत आलेला असतो. आत्ता शिरलीस तर फेब्रुवारीपर्यंत हात तयार होतात. नमुना घ्यायला जाताना आगरवाल्याची परवानगी आधी घे आणि तो सांगेल तिथूनच चाल. आगराचा तळ चिखल चोपून चोपून गुळगुळीत केलेला असतो. त्यात पाय रुतला की तिथलं मीठ मातकट निघतं आणि पुढच्या वेळी तुला कोणी उभं करत नाही. खाजनात गेलीस तर तीच रीत: बांध आणि मानस (पाणी आत-बाहेर सोडायचं दार) कुणाच्या ताब्यात आहे ते विचारून. चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्यात किंवा म्हादई, मोले इथे वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय पानसुद्धा उचलायचं नाही. ती परवानगी लॅबच्या नावाने निघते, आणि तिला वेळ लागतो.

जागेवर खारटपणा मोजताना पहिली गफलत होते. हातातला साधा रिफ्रॅक्टोमीटर बहुधा हजारी १०० (हजार भागांत १०० भाग मीठ) पर्यंतच दाखवतो, आणि मीठ धरणाऱ्या वाफ्यातलं पाणी हजारी ३०० च्या आसपास असतं. काटा वर टेकलेला दिसतो आणि मुलं ‘१००’ लिहून मोकळी होतात. एक भाग नमुना आणि तीन भाग डिस्टिल्ड वॉटर असं चौपट पातळ करून वाच, आलेल्या आकड्याला चारने गुण, आणि पातळ केल्याचं वहीत लिही.

लॅबमध्ये आल्यावर मीडिया. २५ टक्के मीठ म्हणजे १ लिटर तयार द्रावणात २५० ग्रॅम. ते १ लिटर पाण्यात टाकायचं नसतं, कारण मिठाने आकारमान वाढतं आणि टक्केवारी खाली येते. ८०० मिली कोमट पाण्यात विरघळव, मग सिलिंडरमध्ये १ लिटरची खूण गाठ. फ्लास्क निम्म्यापेक्षा जास्त भरू नकोस, नाहीतर ऑटोक्लेव्हमध्ये उकळून बाहेर येईल. १२१ अंश, १५ पौंड दाब, १५ मिनिटं. दाब शून्यावर आल्याशिवाय झाकणाला हात नाही. साधा न्यूट्रियंट आगर (जेलीसारखा घट्ट होणारा मीडिया) ४५-५० अंशांपर्यंत निवू देतात, पण इतक्या मिठात आगर लवकर धरतो. तेवढं थांबलीस तर फ्लास्कमध्येच गुठळी होते, म्हणून थोडा गरम असतानाच ओत, प्लेटमागे १५ ते २० मिली. पावसाळ्यात गोव्याची हवाही मध्ये येते: पावडरच्या बाटल्या उघड्या राहिल्या की ओल धरतात, वजन चुकतं, आणि बुरशी प्रत्येक प्लेटवर हजेरी लावते.

आता जी चूक जवळपास प्रत्येक नवीन मुलीकडून होते ती बघ. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये सीरियल डायल्यूशन, म्हणजे नमुना टप्प्याटप्प्याने पातळ करणं, ०.८५ टक्के सलाईनमध्ये करायला शिकवलेलं असतं. मिठागराचा नमुना त्यात घातला की अतिखारट पाण्यात जगणाऱ्या आर्कियाच्या (जिवाणूंसारख्या दिसणाऱ्या, पण वेगळ्या गटातल्या सूक्ष्मजीवांच्या) पेशी तिथेच फुटतात. मीडिया बरोबर, इन्क्युबेटर बरोबर, तीन आठवडे वाट पाहिली, आणि प्लेट कोरी. डायल्यूशनसुद्धा तेवढ्याच मिठाच्या निर्जंतुक द्रावणात करायचं. प्लेटा ३७ ते ४० अंशांवर ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळ, कारण दोन-तीन आठवड्यांत आगर सुकतो आणि मिठाचे स्फटिक वर येतात. दुरून ते थेट कॉलनीसारखे, म्हणजे सूक्ष्मजीव वाढून झालेल्या ठिपक्यासारखे, दिसतात. भिंगाखाली बघ: स्फटिकाला कोपरे असतात आणि लूपने टोचलं की टणक लागतो, कॉलनी गोल असते, लुपाला चिकटून येते, आणि बहुतेकदा गुलाबी ते केशरी असते.

मोजणीही एकदा हाताने करून बघ. १ लाखपट पातळ केलेल्या नमुन्याचे ०.१ मिली पसरले आणि ४७ कॉलनी आल्या. ४७ गुणिले १ लाख म्हणजे ४७ लाख, पण तू पूर्ण १ मिली पसरलेलंच नाहीस, म्हणून आणखी १० ने गुणायचं: मिलीमागे ४ कोटी ७० लाख. हे दहाने गुणायचं राहून जातं. मोजायला ३० ते ३०० कॉलनींची प्लेट घे. आणि लागोपाठच्या दहापट पातळ प्लेटांवर २५०, १२०, ९० असे आकडे दिसले तर समज, टिप बदलली नव्हती किंवा नळी नीट ढवळली नव्हती. आकडा दर पायरीला साधारण दहापट उतरायला हवा.

वही हा अर्धा प्रयोग. सुट्या कागदावर लिहून नंतर ‘फेअर’ करायची शाळेची सवय इथे सोड. बांधलेली वही, पानांना क्रमांक, पेनाने, त्याच दिवशी, चुकलं तर एक रेघ मारून बाजूला सही. मिठाच्या पाकिटावरचा बॅच क्रमांकसुद्धा लिही. प्लेटचं लेबल झाकणावर नको, तळावर, झाकणं बदलतात. वही लॅबची असते, सोडताना तिथेच ठेवायची, आणि प्लेटांचे सुंदर गुलाबी फोटो विचारल्याशिवाय इन्स्टावर टाकायचे नाहीत.

उन्हाळ्याचं वेगळं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीसह तिन्ही विज्ञान अकादम्या मिळून पदवीच्या मुलांना दोन महिन्यांची समर फेलोशिप देतात. अर्ज साधारण नोव्हेंबरअखेरपर्यंत भरावे लागतात, आणि त्यात काय करायचं आहे याचा छोटा मजकूर आणि एका शिक्षकाचं शिफारसपत्र असतं. बंगळुरूचंच जवाहरलाल नेहरू सेंटर आणि मुंबईचं टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) यांच्या उन्हाळी योजनाही बघ. यांच्या तारखा दर वर्षी थोड्या सरकतात, पण अर्ज उन्हाळ्यात नव्हे, हिवाळ्यात भरायचे असतात, आणि डिचोलीतल्या मुलीचा अर्ज मागे पडतो तो गुणांमुळे कमी आणि मे महिन्यात चौकशी केल्यामुळे जास्त. पत्र देणाऱ्या शिक्षकाने तुला काम करताना पाहिलेलं असेल तर ते पत्र वेगळं वाचलं जातं. म्हणूनही हे सेमिस्टर महत्त्वाचं.

सीजीपीएबद्दल थोडक्यात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) चौकटीप्रमाणे चौथ्या वर्षी ‘संशोधनासह ऑनर्स’ घ्यायचं असेल तर पहिल्या ६ सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात, आणि त्या वर्षी १२ क्रेडिटचा प्रबंध असतो. तुझा ७.८ त्या उंबरठ्याच्या जवळ आहे, घसरू देऊ नकोस. लॅबसाठी परीक्षा सोडणाऱ्या मुलीला कोणतीच लॅब शाबासकी देत नाही.

आता बाबांचा प्रश्न. तो रास्त आहे. विद्यापीठात सेमिस्टरभर काम केल्याचे पैसे पदवीच्या मुलांना बहुतेक ठिकाणी मिळत नाहीत, हे त्यांना स्पष्ट सांग. पैसे मिळतात ते समर फेलोशिपमध्ये. तुला बारावीनंतर इन्स्पायर शिष्यवृत्ती मिळाली असेल तर तिच्या वर्षाच्या ८०,००० रुपयांतले २०,००० उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठीच असतात. शिवाय नव्या अभ्यासक्रमात इंटर्नशिपला क्रेडिट आहेत. लॅबचं काम त्यात धरता येतं का हे कॉलेजात आधी विचारलंस, तर तीच फेरी दोनदा उपयोगी पडेल. बसचा विद्यार्थी पास काढ. आणि इन्स्टाग्रामवर दिसणारी ‘पंधरा दिवसांत रिसर्च इंटर्नशिप, प्रमाणपत्र आणि शोधनिबंध’ अशी हजारो रुपये मागणारी जाहिरात बाबांना दाखवूसुद्धा नकोस. पंधरा दिवसांत तुझी खारट प्लेट अजून कोरीच असेल. त्या शोधनिबंधात काय असणार आहे?